ऐंशी रुपये आणि प्रॉव्हिडंट फंड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

काही वर्षांपूर्वी एका कामगार शिक्षण वर्गात बोलायला गेलो होतो. कारखाना आजारी पडला, मालकाने हात वर केले, तर कामगारांनीच तो चालवायला घ्यावा का, असा विषय होता. वर्गात तीसेक माणसे आणि त्यांत चार बायका. पुरुष मंडळी तावातावाने बोलत होती, बायका गप्प होत्या. चहाच्या सुट्टीत एक जुने जाणते कार्यकर्ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, बायकांना या मालकीबिलकीत काही रस नसतो बघा. पगार वेळेवर हातात पडला की त्यांचे काम झाले. शेअर घ्या म्हटले की म्हणतात, घरी विचारून येते." त्यांच्या पाठीमागेच त्या चौघींतल्या एक बाई कप घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तुम्ही न विचारता घेता, म्हणून घरी भांडणे होतात." सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत.

बायकांना मालकीत रस नसतो, हे वाक्य मी त्याआधीही बऱ्याचदा ऐकले होते. युनियनच्या कचेरीत, सहकार खात्यात, एकदा तर एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तोंडूनही. परदेशातही कामगारांना कंपनीचे शेअर देण्याच्या योजनांचा हिशेब मांडला जातो, तेव्हा बायकांच्या हाती पुरुषांपेक्षा कमी शेअर दिसतात. मग कुणी म्हणते, बायका जोखीम घ्यायला भितात. कुणी म्हणते, त्यांचा पगारच कमी, त्या शेअर घेणार कशातून? माझा पिंड इतिहासाचा. स्वभावाच्या गोष्टी मला फारशा कळत नाहीत. पण आपल्या मुंबईतच दोन हकिकती अशा घडलेल्या आहेत की त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर या वाक्याची चांगली परीक्षा होते. एक गिरगावातली आणि दुसरी कुर्ल्याची.

गिरगावातली आधी सांगतो. ती अनेकांना ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असे वाटते. १५ मार्च १९५९ या दिवशी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या आणि त्यांनी पापड लाटले. जसवंतीबेन जमनादास पोपट हे त्यांतले आज सर्वांत परिचित नाव. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. भांडवल किती, तर ऐंशी रुपये. तेही उसने. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी ते दिले. त्यातून उडदाचे पीठ, हिंग, मिरी असे सामान आले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. माझे कुतूहल पुढच्या दोन-तीन निर्णयांबद्दल आहे. पहिला निर्णय असा की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. दुसरा निर्णय मालाच्या दर्जाचा. सुरुवातीला चांगला पापड आणि जरा हलका, स्वस्त पापड असे दोन प्रकार काढले होते. छगनबापांनी सांगितले, हलका बंद करा. हिशेब चोख ठेवा, असेही त्यांनी बजावले. तिसरा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: जी बाई लाटायला येईल ती नोकर नव्हे, ती बहेन. नफ्यात तिचा वाटा आणि तोट्यातही.

आता यात मोठी क्रांती करायची म्हणून कुणी बसले नव्हते. नोकर ठेवायला पैसेच नव्हते, हेही खरे. पण तीन महिन्यांत सातच्या पंचवीस झाल्या, तेव्हा त्या सातजणी बाकीच्या अठरांच्या मालकिणी होऊन बसू शकल्या असत्या. आपल्याकडे बहुतेक धंदे असेच वाढतात. तसे झाले नाही. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. त्या वर्षीच्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा. पावसाळ्याचा प्रश्न सुटला. एवढ्याशा युक्तीने बारमाही रोजगार उभा राहिला, हे मला फार आवडते.

१९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठरले. नाव सुचवणाऱ्या बहेनला पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. १९६६ साली संस्थेची सोसायटी म्हणून रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष ढेबरभाई होते. पुढचे सगळे आपण पाहिलेच आहे. रामदास पाध्यांचा तो बाहुला ससा दूरदर्शनवर आला आणि लिज्जत घराघरांत गेला. सातच्या चाळीस हजारांहून अधिक बहेनी झाल्या.

नियम एकच कडक राहिला. सभासद फक्त बाई. संस्थेत पुरुष आहेत, ते ड्रायव्हर आहेत, हिशेबनीस आहेत, पण ते पगारी. त्यांना मत नाही. म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यातली नेहमीची मांडणी इथे बरोबर उलटी झाली.

माझी आत्या गिरगावातच राहायची. ती काही वर्षे पापड लाटायची, म्हणून हे काम मी फार जवळून पाहिले आहे. कणीक मळण्याचे काम केंद्रावर व्हायचे. भल्या पहाटे बायका तिथे पोचायच्या, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड द्यायच्या, ते तपासले जायचे, वजन व्हायचे. मग लाटण्याचे पैसे, त्याला तिथे वणई म्हणतात, ते तिथल्या तिथे रोख हातात पडायचे आणि नवी कणीक घेऊन बायका घरी यायच्या. दुपारपर्यंत लाटणे चालायचे. आमच्या आत्याचे मधले दार, खिडकीखालची पेटी, पलंग, सगळीकडे पापडच पापड. आम्हा मुलांना त्या खोलीत पाय टाकायची बंदी.

आत्याचे यजमान गिरणीत होते. त्यांचा पगार महिन्याला यायचा आणि तो घराचा असायचा. भाडे, वाणी, शाळेची फी, गावाकडची मनीऑर्डर. आत्याची वणई मात्र "तिचे ते पापडाचे" होते. त्यात एक उपेक्षा होती, हे खरे. घरातले कुणी त्याला कमाई म्हणत नसे. पण त्या उपेक्षेचा फायदाही होता. त्या पैशाला कुणी हात लावत नसे. वर्षअखेरीला नफ्याचा वाटा यायचा, तेव्हा तर आत्या दोन दिवस काही बोलायचीच नाही. तिसऱ्या दिवशी सोनाराकडे जायची.

इथे जरा कायद्याकडे वळतो. कंटाळू नका, दोन मिनिटांचेच काम आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात स्त्रीधनाची चर्चा पुष्कळ आहे. माहेरहून मिळालेले, प्रीतीने दिलेले धन स्त्रीचे, असे शास्त्र सांगते. पण कात्यायनाचे एक वचन आहे, त्याचा आशय असा की शिल्पकर्माने, म्हणजे हाताच्या कसबाने, स्त्रीने जे मिळवले त्यावर पतीचे स्वामित्व. इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनी हे वचन उचलून धरले. म्हणजे आईबापांनी दिलेली पाटली तिची, पण पापड लाटून मिळवलेला रुपया नवरा असेपर्यंत त्याच्या अखत्यारीत! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा हिशेब बदलला. त्याच्या चौदाव्या कलमात स्त्रीच्या संपत्तीची जी फोड केली आहे, तीत तिने स्वतःच्या कौशल्याने आणि मेहनतीने मिळवलेली संपत्ती स्पष्टपणे घातली आहे आणि तिची ती पूर्ण मालकीण ठरली आहे. गिरगावच्या गच्चीवर पापड वाळत पडले ते त्यानंतर तीन वर्षांनी. त्या सातजणींनी कलम चौदा वाचले होते असे मी म्हणणार नाही. पण मालकीत बायकांना रस नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हाताच्या कमाईवर निर्विवाद मालकी ही गोष्टच त्या वेळी नवी कोरी होती.

आता गिरणगावाकडे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी बायका मोठ्या संख्येने होत्या, हे आजच्या पिढीला सांगून खरे वाटत नाही. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. सूत गुंडाळण्याचे काम, रीळ खाते, ही त्यांची खाती. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असे. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. हेतू चांगला होता, पण भत्ता मालकाने द्यायचा होता. त्यातच नवी यंत्रे आली आणि सुतारणी किंवा सुताराचे नव्हे, सुताचे काम करणाऱ्या या खात्यांवरच पहिली कुऱ्हाड पडली. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. मालकांनी हिशेब केला आणि बायकांची भरती आटत गेली. गिरण्या बंद पडण्याच्या काळात तिथे बायका शोधाव्या लागत.

हे सांगण्याचे कारण असे की कामगारांच्या मालकीचा विचार आपल्याकडे मोठ्या आवाजात सुरू झाला तो १९७० नंतर. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३ अ हे कलम आणले आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे ध्येय राज्यघटनेत आले. म्हणजे प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत बायका जवळजवळ उरल्याच नव्हत्या. ज्या कारखान्यातून तिला आधीच बाहेर काढले, त्याच्या मालकीत तिला रस का नाही, असे विचारण्यासारखे ते आहे.

पण गिरणगावातून बाई गेली नव्हती. ती खानावळ चालवत होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गडीमाणसांना दोन वेळचे जेवण करून घालणाऱ्या या खानावळवाल्या बायका म्हणजे गिरणगावाचा कणा. वाण्याकडून उधारीवर सामान, सावकाराकडून जबर व्याजाने पैसे आणि महिनाअखेरीला जेवणाऱ्यांकडून वसुली. संप झाला की वसुली थांबे, जेवण मात्र थांबत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. युनियनच्या कामातून त्यांच्या लक्षात आले की संप ज्यांच्या चुलीवर चालतो, त्यांचे नाव कुठल्याच मागणीपत्रात नाही. त्यांनी खानावळवाल्यांचे गट केले, एकमेकींना जामीन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिले. ज्या बाईच्या नावावर रेशनकार्डही नव्हते, तिच्या नावावर बँकेचे कर्ज! आणि ते तिने फेडले.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यावर खूप लिहिले गेले आहे, मी त्यात शिरत नाही. एकच गोष्ट नोंदवतो. संप लांबला, गिरण्या डळमळल्या, तेव्हा कामगारांकडून जी मागणी पुढे आली ती सरकारने गिरण्या ताब्यात घ्याव्यात अशी होती. आम्ही चालवतो, अशी नव्हे. १९८३ च्या ऑक्टोबरात सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतलाही. त्या काळच्या पुरुष कामगाराच्या मनात मालक बदलायचा होता, मालक व्हायचे नव्हते. त्याच्यापाशी मस्टरवर नाव होते, पगार होता, बोनस होता, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी होती. हे सगळे त्याने लढून मिळवले होते. ते असताना मालकीचा धोंडा गळ्यात कोण बांधून घेईल? यात त्याचे काही चुकले असेही मला वाटत नाही.

आणि आता कुर्ला. कामानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्या तयार करणारा नावाजलेला कारखाना. मालक घराण्यात भांडणे लागली, देणी थकली आणि १९८५ साली कारखाना बंद पडला. सुमारे सहाशे कामगार रस्त्यावर आले. समोर गिरणगावाचे ताजे उदाहरण होते. बंद गेटासमोर बसून राहिले की काय होते, हे मुंबईच्या कामगाराला तोवर कळले होते. कामगारांच्या युनियनने वेगळा मार्ग धरला. कारखाना चालू शकतो का, याचा अभ्यास करवून घेतला आणि कामगारांची सहकारी संस्था तो चालवायला घेईल, अशी योजना मांडली. आजारी उद्योगांसाठीचा कायदा १९८५ चाच, त्याखालचे मंडळही नवे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली न्यायालयाने कामगारांच्या योजनेला मान्यता दिली. १९८९ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, तो कामगारांच्या मालकीचा म्हणून. देशभर त्याची चर्चा झाली.

या योजनेत कामगारांनी काय लावले? पगारात कपात सोसली आणि आपल्या प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा घातला. आयुष्यभराची ठेव. मुलीचे लग्न, गावाकडचे घर, म्हातारपणाचे औषधपाणी, सगळे त्या फंडात असते. शेअर घ्यायला बाई घरी विचारून येते, असे म्हणणाऱ्या त्या कार्यकर्त्यांना मी कामानीचे नाव घेऊनच उत्तर दिले होते. तो फंड कागदोपत्री एकट्या कामगाराचा. पण घालवायचा झाला तर तो साऱ्या घराचा जातो.

पहिली काही वर्षे कारखाना बरा चालला. उत्पादन वाढले, उधळपट्टी थांबली. मग अडचणी सुरू झाल्या. खेळते भांडवल अपुरे, तांब्याचे भाव वरखाली, बाजारात मंदी. आणि आतून दुसरा पेच. सकाळी यंत्रावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी संचालक मंडळाच्या बैठकीत बसे. पगारवाढ मागायची कुणाकडे? युनियन लढणार कुणाशी? कामगार म्हणून त्याला जे हवे होते, ते मालक म्हणून त्याला परवडत नव्हते. नव्वदच्या दशकात कारखाना पुन्हा गाळात गेला आणि प्रयोग टिकला नाही. तरी मी त्याला फसलेला प्रयोग म्हणत नाही. सहाशे घरांना त्याने काही वर्षे दिली, आणि बंद कारखाना कामगार उघडू शकतात हे कोर्टाच्या निकालाने सिद्ध केले.

गिरगाव आणि कुर्ला शेजारी ठेवा. गिरगावच्या बाईपुढे नोकरीचा पर्यायच नव्हता. तिला कुणी कामावर घेत नव्हते, घरातून बाहेर पडायला परवानगी नव्हती, मुलांना सोडून आठ तास कुठे जाता येत नव्हते. तिच्यासाठी मालकी हा कामाचा पहिला दरवाजा होता. कुर्ल्याच्या कामगारासाठी तो शेवटचा होता, बाकी सगळे बंद झाल्यावरचा. गिरगावच्या बाईने आपली मेहनत लावली आणि दिवसाचे पैसे दिवसाला मिळाले. कुर्ल्याच्या माणसाने साठवलेले सगळे लावले. रस कुणाला जास्त, हा प्रश्न अशा वेळी जरा पोरकट वाटू लागतो. कुणाच्या हातात काय होते आणि काय जाणार होते, ते आधी पाहावे लागते.

केरळातल्या कण्णूरची हकिकत याला जोडून सांगण्यासारखी आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याची अंमलबजावणी सुरू होताच तिथल्या मोठ्या विडी मालकांनी कारखाने बंद केले. कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली. सुरुवातीला तिच्यात पुरुषांचा भरणा होता. पुढे मुले शिकली, विडीच्या धंद्याकडे पाठ फिरवू लागली आणि त्या जागी बायका येत गेल्या. होता होता विडी वळणाऱ्यांत बायकांचेच बहुमत झाले. संचालकांच्या खुर्च्यांवर मात्र बराच काळ पुरुषच राहिले. म्हणजे शेअर मिळाला, मत मिळाले, तरी बैठक संध्याकाळी सहाला असेल आणि घरी चूल वाट पाहत असेल, तर मालकी अर्धीच हातात येते. लिज्जतचे केंद्र पहाटे भरते, यामागे पापडाचा हिशेब असेल, पण त्या वेळी घरातली मंडळी झोपलेली असतात हेही विसरू नये.

अहमदाबादचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. इलाबेन भट यांनी १९७२ मध्ये सेवा ही संघटना काढली, ती भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांची. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, या बायकांनी स्वतःची बँक काढली. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा शेअर घेतला. १९७४ मध्ये भाजीवालीचे दहा रुपये म्हणजे गंमत नव्हती. बऱ्याच जणींना सही येत नव्हती, म्हणून पासबुकावर फोटो लावण्याची पद्धत ठेवली. जोखमीला भिणाऱ्या बायका म्हणतात त्या याच!

असो. एकाच बाजूने गोडवे गाणे बरे नव्हे. पापड लाटणाऱ्या बहेनीला मालकीण म्हटले की काही गोष्टी आपोआप नजरेआड होतात. जागा तिची, वीज तिची, पाठदुखी तिची. कारखान्यातला कामगार ज्या कायद्यांच्या आधाराने फंड आणि ग्रॅच्युइटी मागतो, ते कायदे मालक आणि नोकर असे नाते धरून लिहिलेले आहेत. मालकिणीने ते कुणाकडे मागायचे? आत्याला लाटण्याने खांद्याचे दुखणे जडले, तेव्हा तिने काम हळूहळू कमी केले आणि मग सोडले. त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात असण्याचे कारण नव्हते. शिवाय अशा घरबसल्या कामाने बाई कमावती झाली, तरी घरातच राहिली, असा आक्षेप अभ्यासक घेतात. त्यात तथ्य आहे. पण कामानीच्या कामगाराची मालकी काही वर्षांत संपली आणि गिरगावच्या बायकांची साठ वर्षांहून अधिक टिकली, हेही तितकेच तथ्य आहे.

पुण्यात हा दुसरा आक्षेप बराचसा मोडीत निघालेला दिसतो. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. सभासदांत मोठा भरणा बायकांचा. पुढे त्यातूनच स्वच्छ ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला घेतला. या बायका घराच्या उंबऱ्याआड नाहीत, भर रस्त्यावर आहेत. त्या पालिकेशी दराबद्दल भांडतात, ठेकेदाराला काम देण्याचा विषय निघाला की मोर्चा काढतात. ओळखपत्र गळ्यात घालून सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरताना आधी ज्यांना हटकले जाई, त्या आता त्याच सोसायटीकडून दरमहा पैसे घेतात.

त्या दिवशीचा वर्ग संपला तेव्हा मी सामान आवरत होतो. मघाच्या बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, समजा आमच्या कारखान्यात असे काही झाले, तर शेअर माझ्याच नावाने निघेल ना?" म्हटले, हो, सभासद तुम्ही, शेअर तुमचाच. त्यांनी पुढे विचारले, "आणि मी गेल्यावर तो मुलीला जाईल, असे लिहून ठेवता येते का?" मी म्हटले, येते, वारसाचे नाव नोंदवायचा अर्ज असतो. अर्ज कुठे मिळतो, किती दिवसांत भरायचा, साक्षीदार किती लागतात, हे सगळे त्यांनी एकेक करून विचारले आणि पिशवीतून डायरी काढून लिहून घेतले. दिवसभरात वर्गातल्या दुसऱ्या कुणीही मला हे विचारले नव्हते.